गोळ्या सुरू झाल्यापासून आईच्या तोंडाला सतत कोरड पडते, काय करावे?

प्रश्न: खानापूरची लेक

नमस्कार. मी बेळगाव शहरात राहते आणि आई खानापूर तालुक्यातील आमच्या गावी भावाकडे असते. तिचे वय ७१ आहे. गेल्या फाल्गुनात तिला नागीण झाली. पुरळ पंधरा-वीस दिवसांत वाळले, पण बरगडीच्या कडेची आग काही गेली नाही, म्हणून डॉक्टरांनी रात्री घेण्यासाठी ॲमिट्रिप्टिलिन २५ मिलिग्रॅमची गोळी सुरू केली. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन एकत्र असलेली गोळी ती गेली चार वर्षे सकाळी घेते. वैशाखात तिला लघवी आवरता येईना, तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांनी सोलिफेनासिन ५ मिलिग्रॅम दिली. त्यानंतर महिन्याभरातच तोंडाला कोरड पडण्याची तिची तक्रार सुरू झाली आणि आता तर ती दिवसरात्र चालू आहे.

घरातील सर्वांनी आधी उष्णता झाली असे धरून सब्जा, कोकम, धण्याचे पाणी असे सगळे केले. परंतु खानापुरात सध्या पाऊस उसंत घेत नाही, भिंतींना ओल आली आहे, वाळत घातलेली लुगडी तीन-तीन दिवस वाळत नाहीत, आणि अशा हवेत आई म्हणते, "तोंडात वाळू भरल्यागत वाटतंय बघ." परवा मी मुद्दाम तिच्यासमोर जेवायला बसले. भाकरीचा एक घास ती या गालातून त्या गालात घोळवत राहिली, तीनदा पाणी प्यायली आणि शेवटी पदराआड तो घास काढून तिने ताटाच्या कडेला ठेवला. तिच्या लक्षात येऊ नये म्हणून मी दुसरीकडे पाहिले, पण त्या दिवसापासून माझे चित्त थाऱ्यावर नाही.

वरच्या दातांची कवळी सैल झाली आहे, खालचे स्वतःचे नऊ दात आहेत. तोंड ओले राहावे म्हणून ती दिवसभर खडीसाखरेचा खडा गालात ठेवते. शेजारच्या काकूंनी ज्येष्ठमधाची काडी चघळायला दिली आहे, तीही चालू आहे. मिशरी लावण्याची सवय तिला लग्नाआधीपासूनची आहे. लघवीला जावे लागते म्हणून संध्याकाळनंतर ती पाणी टाळते आणि मग पहाटे उठून तांब्याभर पाणी एकदम पिते. तपासणीच्या वेळी भावाने हा विषय काढला, तेव्हा वयोमानाने असे होते एवढेच सांगण्यात आले. मग भावाने स्वतःच्याच मनाने रात्रीची गोळी दोन दिवस बंद केली, तर बरगडीची आग पूर्ववत उसळली आणि आई दोन्ही रात्री बसून राहिली.

हे खरोखर गोळ्यांमुळे होत असावे का? असल्यास कोणत्या गोळीमुळे? आणि तोपर्यंत तिला दोन घास नीट खाता यावेत म्हणून आम्ही घरी काय करावे?

उत्तर १: निपाणीतील औषध दुकानदार

ताई, नमस्कार. मी नोंदणीकृत फार्मासिस्ट असून निपाणीत गेली अठरा वर्षे माझे औषधांचे दुकान आहे. मी डॉक्टर नाही, त्यामुळे गोळी बंद करा किंवा बदला असे मी सांगणार नाही. मात्र तुम्ही लिहिलेल्या यादीवरून दिसते ते स्पष्ट सांगणे हे माझे काम आहे.

तोंडात लाळ सोडण्याचा निरोप मेंदूकडून लाळग्रंथींपर्यंत असिटिलकोलीन नावाच्या रसायनामार्फत पोहोचतो. ॲमिट्रिप्टिलिन हा निरोप ग्रंथीच्या दारातच अडवते. सोलिफेनासिनही नेमके तेच करते, कारण मूत्राशयाच्या स्नायूला आकुंचन पावण्याचा निरोपही याच रसायनाकडून मिळतो आणि तो अडवला की लघवीची घाई कमी होते. मूत्राशयात जे हवे असते तेच तोंडात नको असते, पण गोळीला जागा ओळखता येत नाही. म्हणजे आईंच्या बाबतीत एकाच दारावर दोन अडसर बसले आहेत, आणि दोन वेगवेगळ्या डॉक्टरांनी ते आपापल्या जागी योग्य कारणासाठीच बसवले आहेत. भरीला क्लोरथॅलिडोन शरीरातील मीठ आणि पाणी लघवीवाटे बाहेर काढते. चार वर्षे तिच्यामुळे त्रास जाणवला नाही, तेव्हा मुख्य कारण ती गोळी नसावी, पण कोरडेपणात तिची थोडी भर पडतेच.

वयोमान हे उत्तर मला पटत नाही. म्हातारपणी लाळ थोडीफार कमी होत असेल, पण वैशाखात गोळी आली आणि ज्येष्ठात कोरड आली, तर आधी गोळीकडे पाहायला हवे.

आता मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. पहिली, आईंची रक्तातील साखर अलीकडे तपासली आहे का? तोंडाला कोरड आणि वारंवार लघवी ही जोडी मधुमेहातही दिसते, त्यामुळे ती शंका फिटल्याशिवाय पुढे जाऊ नये. दुसरी, चिठ्ठीवर नसलेली एखादी गोळी त्या घेतात का? सर्दीची, खाजेची, प्रवासात मळमळू नये म्हणून घेतलेली, झोपेची? सर्दीच्या पुष्कळ गोळ्यांमध्ये क्लोरफेनिरामाइन असते आणि तेही याच दारावरचा तिसरा अडसर ठरते. आमच्या दुकानात "सर्दीची एक गोळी द्या" म्हणून येणाऱ्या माणसाला त्या गोळीचे नावही ठाऊक नसते, त्यामुळे डॉक्टरांनी विचारले तरी तो "दुसरे काही घेत नाही" असे अगदी प्रामाणिकपणे सांगतो. म्हणून आईंना नुसते विचारू नका. उशी, डबे, चंची, देवघराचे कपाट, जिथे जिथे त्या गोळ्या ठेवतात तिथून सगळी पाकिटे एका पिशवीत गोळा करा आणि ती पिशवी डॉक्टरांच्या टेबलावर ओता.

भावाने गोळी एकदम थांबवली ते योग्य झाले नाही. ॲमिट्रिप्टिलिन अचानक बंद केल्यास झोप उडणे, मळमळ, बेचैनी असे त्रास होऊ शकतात आणि दुखणे तर परत येतेच. ती टप्प्याटप्प्याने कमी करायची असते. डॉक्टरांकडे विचारण्यासारखे प्रश्न असे आहेत: मात्रा १० मिलिग्रॅमवर आणता येईल का, झोपण्याच्या ऐन वेळेऐवजी गोळी थोडी आधी देता येईल का, नॉरट्रिप्टिलिनसारखे तुलनेने कमी कोरड आणणारे औषध चालेल का, आणि मूत्राशयासाठी मिराबेग्रॉन योग्य ठरेल का. मिराबेग्रॉनने कोरड सहसा पडत नाही, पण रक्तदाब वाढू शकतो, त्यामुळे आईंच्या बाबतीत तो निर्णय रक्तदाब पाहूनच व्हायला हवा.

ज्येष्ठमध मात्र आजच थांबवा, हे मी कळकळीने सांगतो. त्यातील ग्लिसिरायझिनमुळे शरीरात मीठ आणि पाणी साठून रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम उतरते. पोटॅशियम क्लोरथॅलिडोनमुळेही उतरते. चार दिवस घशासाठी काडी चघळणे वेगळे आणि रक्तदाबाच्या रुग्णाने ती रोज चघळत राहणे वेगळे.

पाण्याविषयीही सांगतो. एकदम तांब्याभर पाणी प्यायल्याने लाळ वाढत नाही, पाच मिनिटे बरे वाटते आणि मग लघवीला धावावे लागते. शिवाय क्लोरथॅलिडोन घेणाऱ्या वृद्ध माणसाने अति पाणी प्यायल्यास रक्तातील सोडियम धोकादायक रीतीने खाली येऊ शकते. दिवसभर घोट-घोट पाणी, तेही क्षणभर तोंडात फिरवून, हेच योग्य आहे.

उत्तर २: दंतवैद्य, बेळगाव

वरील उत्तर नेमके आहे. मला काळजी वाटते ती त्या नऊ दातांची, म्हणून त्यांच्याविषयी सविस्तर लिहितो.

निरोगी माणसाच्या तोंडात दिवसभरात साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. ती म्हणजे नुसते पाणी असते असे आपण समजतो, पण तिच्यात आम्ल मारणारे बायकार्बोनेट असते, दाताची झीज भरून काढणारे कॅल्शियम आणि फॉस्फेट असते, जंतूंना आवरणारी द्रव्ये असतात, आणि घास घशाखाली सरकवणारा बुळबुळीतपणाही तिच्यामुळेच येतो. आपण काहीही गोड खाल्ले की तोंडातील जंतू त्याचे आम्ल करतात. लाळ पुरेशी असेल तर ते आम्ल अर्ध्या-पाऊण तासात निवते. लाळ नसेल तर ते दातावर बसून राहते. सामू (आम्लता मोजण्याचे माप, म्हणजेच पीएच; तो जितका कमी तितके आम्ल जास्त) ५.५ च्या खाली गेला की दाताचे वरचे कवच विरघळू लागते, आणि वयोमानाने हिरडी खाली सरकून उघडे पडलेले दाताचे मूळ तर त्याच्याही आधी विरघळते.

आता या तोंडात दिवसभर खडीसाखरेचा खडा आहे अशी कल्पना करा. त्या नऊ दातांना आम्लातून सुटका मिळण्याची घटकाच उरत नाही. माझ्याकडे अशी अनेक माणसे येतात, ज्यांचे दात सत्तरीपर्यंत धडधाकट होते आणि वर्ष-दोन वर्षांत हिरडीच्या कडेने काळपट, मऊ होत एकामागून एक तुटले. विचारले की कोणी लिंबाची गोळी, कोणी खडीसाखर, कोणी आवळ्याची गोड सुपारी असे काहीतरी गालात धरून असतो. तोंड ओले राहावे म्हणून केलेला उपाय दात घेऊन जातो. त्यामुळे खडीसाखर पूर्ण बंद करावी. कुंदा किंवा गोकाकचा करदंट खाऊच नये असे मी म्हणत नाही, पण करदंट दाताला चिकटून बसतो आणि तो धुऊन न्यायला तोंडात लाळ नाही, म्हणून गोड खायचे ते जेवणाबरोबरच खावे आणि लगेच चूळ भरावी.

त्याऐवजी साखर नसलेले, झायलिटॉल असलेले च्युइंगगम किंवा गोळी चालते, कारण चघळण्याने उरलीसुरली ग्रंथी जागी होते. कवळी असलेल्यांना गम जमत नाही, त्यांनी गोळी घ्यावी. (झायलिटॉल कुत्र्याला विषासारखे असते, घरात कुत्रा असल्यास त्याच्या तोंडी लागू देऊ नये.) वेलदोड्याचा दाणा किंवा लवंग तोंडात धरायला हरकत नाही. लिंबू, चिंच, कोकम यांनी तोंडाला पाणी सुटते हे खरे, पण लाळ नसलेल्या दातांवर ती आंबटाई थेट बसते, म्हणून ती वारंवार नको. कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज असलेली कृत्रिम लाळ औषधांच्या दुकानात फवाऱ्याच्या किंवा द्रवाच्या रूपात मिळते. जेवणाआधी आणि झोपताना ती वापरल्यास घास सरकायला मदत होते. परिणाम फार वेळ टिकत नाही, तरीही जेवणाची ती पंधरा-वीस मिनिटे मोलाची असतात. पिलोकार्पिनने लाळ वाढते, परंतु दमा किंवा काही प्रकारचा काचबिंदू असल्यास ते देत नाहीत. शिवाय एका गोळीने दार बंद करायचे आणि दुसरीने तेच ढकलून उघडायचे, यापेक्षा पहिल्या गोळीचा पुनर्विचार करणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

दात दिवसातून दोनदा, मऊ ब्रशने, किमान १००० पीपीएम फ्लोराइड असलेल्या पेस्टने घासावेत. नंतर फेस थुंकावा, पण खळखळून चूळ भरू नये, म्हणजे फ्लोराइड दातावर राहते. अल्कोहोल असलेले माउथवॉश वापरू नये, त्याने कोरड वाढते. एक पेला कोमट पाण्यात पाव चमचा खायचा सोडा घालून दिवसातून दोन-तीन वेळा गुळण्या कराव्यात आणि ते पाणी गिळू नये.

कवळी सैल झाली आहे असे तुम्ही लिहिले आहे. वरची कवळी टाळूला धरून राहते ती लाळेच्या पातळ थरामुळे, त्यामुळे नवी कवळी करण्याची घाई करू नका. रात्री ती काढून, घासून, पाण्यात ठेवावी. कवळीखालचा टाळू लाल दिसतो का, ओठांचे कोपरे चिरले आहेत का, जिभेवर खरवडल्यास निघणारा पांढरा थर आहे का, तिखटाने आग होते का, हे उजेडात पाहा. कोरड्या तोंडात बुरशीचा संसर्ग सहज होतो आणि त्यावर औषध आहे. डोळ्यांतही वाळू गेल्यासारखे खुपत असेल किंवा कानाखाली गालाला सूज असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, कारण लाळग्रंथींचे काही आजार वेगळे असतात.

मिशरीविषयी मी गुळमुळीत बोलणार नाही. मिशरी म्हणजे भाजलेली तंबाखू. लाळेचे पांघरूण नसलेल्या नाजूक कातडीवर ती रोज चोळली जाते, आणि तोंडाच्या कर्करोगाची भीती तर आहेच. पन्नास वर्षांची सवय एका दिवसात सुटणार नाही हे मला समजते, पण तुमच्या आईंना ही गोष्ट कुणीतरी प्रेमाने आणि स्पष्टपणे सांगायला हवी. एकदा त्यांना घेऊन डेंटल कॉलेजात किंवा जवळच्या दंतवैद्याकडे जा.

उत्तर ३: निवृत्त शिक्षक, चिकोडी

मी डॉक्टर नाही, परंतु या वाटेवरून गेलो आहे. मला कंपवात आहे. हाताच्या थरथरीसाठी ट्रायहेक्सिफेनिडिल सुरू झाल्यावर थरथर उतरली, पण तोंड असे सुकू लागले की एकादशीच्या भजनात अभंगाच्या दुसऱ्या चरणाला जीभ टाळूला चिकटायची आणि शब्द तुटायचा. मी टाळ घेऊन नुसता मागे उभा राहू लागलो. पुढे बद्धकोष्ठ झाले, वर्तमानपत्राची अक्षरे पुसट दिसू लागली आणि मी नातवंडांची नावे चुकू लागलो. घरच्यांनी हे सगळे वयाच्या खात्यावर मांडले. सूनबाईंनी सगळ्या तक्रारी तारखांसह एका वहीत लिहिल्या. ते पान पाहूनच डॉक्टरांच्या ध्यानात आले की या चारही गोष्टी एकाच गोळीशी जुळतात. दोन महिन्यांत त्यांनी ती हळूहळू उतरवली. थरथर थोडी परतली आहे, पण नावे आठवतात आणि अभंग पूर्ण होतो. तेव्हा ताई, आईंना बद्धकोष्ठ, अंधूक दिसणे, विसराळूपणा, लघवी अडणे यांपैकी काही नवीन आहे का, तेही वहीत मांडा.

आपल्या भागातील एक अडचणही सांगतो. डॉक्टर पुष्कळदा कन्नड बोलणारे असतात, आपली वडीलधारी माणसे मराठीच बोलतात, आणि मग संकोचाने प्रत्येक प्रश्नाला "होय, होय" म्हणून उठतात. मी स्वतः एक वाक्य पाठ केले होते: "ई गुळगी तगोंड म्याले बायि भाळ ओणगतैत्री", म्हणजे ही गोळी घेतल्यापासून तोंड फार सुकते. तेवढ्या एका वाक्याने डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली आणि गोळीचे पाकीट मागितले.

जेवणाचे म्हणाल तर भाकरी सोडू नका. ती गरम असतानाच पातळ आमटीत किंवा ताकात कुस्करून पाच मिनिटे झाकून ठेवा. तांदळाची पेज, मऊ भात आणि कढी उतरते. संकेश्वरी मिरचीचा ठेचा मात्र काही दिवस दूर ठेवा, कोरड्या जिभेवर तो निखाऱ्यासारखा लागतो. ओठांना साजूक तूप लावावे. आणखी एक: माझ्या एका मित्राला छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी दिलेली आहे. कोरड्या तोंडात ती विरघळत नाही, म्हणून त्याला आधी घोटभर पाण्याने तोंड ओले करायला सांगितले आहे. घरात कुणाकडे ती गोळी असेल तर हे लक्षात असू द्या.

खानापूरची लेक (तीन आठवड्यांनंतर)

आपण सर्वांनी एवढ्या आपुलकीने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे मी गावी जाऊन पिशवी भरली. आईच्या चंचीत, सुपारीच्या तुकड्यांखाली, सर्दीच्या गोळ्यांची चुरगळलेली पट्टी निघाली. पावसाळा सुरू झाल्यापासून ती रोज रात्री एक गोळी घेत होती, कारण तिने झोप बरी लागते. पट्टीमागचे बारीक अक्षर मोबाइलवर मोठे करून पाहिले, तर त्यात क्लोरफेनिरामाइन होते. हे औषध आहे असे तिला वाटतच नव्हते. "ती तर सर्दीची," एवढेच ती म्हणाली.

पिशवी आणि वही घेऊन आम्ही डॉक्टरांकडे गेलो. चिकोडीच्या सरांचे वाक्य मी स्वतः म्हटले. साखर तपासली, ती ठीक आहे. डॉक्टरांनी सर्दीची गोळी बंद केली, ॲमिट्रिप्टिलिन १० मिलिग्रॅमवर आणून रात्री आठ वाजता द्यायला सांगितली, आणि सोलिफेनासिन चार आठवडे थांबवून ठरावीक वेळेला लघवीला जाण्याची सवय लावायला सांगितले. रक्तदाबाची गोळी तशीच आहे. दंतवैद्यांकडे कवळीखाली बुरशी निघाली, तिला क्लोट्रिमॅझोलचे औषध लावतो आहोत. खालच्या दोन दातांच्या मुळांना कीड आहे, ते भरायचे आहेत. खडीसाखर आणि ज्येष्ठमध बंद केले. मिशरी दिवसातून चार वेळांवरून एकदा झाली आहे, त्यापुढे अजून सरकलेली नाही.

कोरड पूर्ण गेलेली नाही. बरगडीची आग थोडी जाणवते, पण सोसवते असे ती म्हणते. रविवारी मी पुन्हा तिच्यासमोर बसले. आमटीत कुस्करलेली अर्धी भाकरी तिने खाल्ली आणि ताटाच्या कडेला काही ठेवले नाही. पहाटे मात्र जीभ अजूनही लाकडासारखी होते. त्यासाठी काही करता येईल का?

निपाणीतील औषध दुकानदार

ताई, वाचून फार बरे वाटले. झोपेत प्रत्येकाचीच लाळ जवळजवळ थांबते, त्यामुळे पहाटेची कोरड सर्वांत शेवटी कमी होते. आई तोंड उघडे ठेवून झोपतात का, ते एका रात्री पाहा. नाक चोंदत असेल, तर सर्दीच्या गोळीऐवजी झोपण्यापूर्वी नाकात मिठाच्या पाण्याचे तयार थेंब घालायला हरकत नाही. कृत्रिम लाळ झोपण्याच्या वेळी गालांच्या आतून आणि जिभेवर लावा. उशाशी तांब्याऐवजी लहान पेला ठेवा, म्हणजे घोटभर पाण्यावर भागेल. चार आठवड्यांनी डॉक्टरांकडे जाल तेव्हा वही पुन्हा न्या, आणि त्या वहीत पहाटेची कोरड वेगळी लिहा.